स्क्रीनशॉट जोडणी

स्क्रीनशॉट जोडणी म्हणजे संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एकाच वेळी न मावणाऱ्या आशयाचे, एकमेकांवर अंशतः येणारे अनेक स्क्रीनशॉट घेऊन त्यांपासून एक सलग प्रतिमा तयार करण्याची प्रक्रिया होय. लांब संकेतपाने, मोठे नकाशे, कोष्टके, हिशेबाचे तक्ते आणि संदेशांची देवाणघेवाण यांच्या नोंदी ठेवण्यासाठी ही पद्धत वापरली जाते. शेजारच्या दोन प्रतिमांमध्ये जो भाग समान असतो त्यास समाईक पट्टा असे म्हणता येईल. या पट्ट्याच्या आधारे प्रतिमांची परस्परसापेक्ष जागा ठरविली जाते आणि जोडणी अचूक झाली की नाही याची खात्रीही त्यावरूनच करता येते.

ही प्रक्रिया प्रतिमा-जोडणी या व्यापक तंत्राचा एक विशेष प्रकार आहे. विस्तृत देखाव्यांची छायाचित्रे, हवाई छायाचित्रांवरून केलेले नकाशे आणि सूक्ष्मदर्शकातून टिपलेल्या प्रतिमा हे त्याच तंत्राचे अन्य प्रकार आहेत.

पार्श्वभूमी

एका चौकटीत न मावणारे दृश्य तुकड्यातुकड्यांनी टिपून जोडण्याची कल्पना छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. फेलिस बीटो या छायाचित्रकाराने १८५८ मध्ये लखनौ शहराची अनेक छायाचित्रे शेजारीशेजारी मांडून विस्तृत देखावे सिद्ध केले. विसाव्या शतकात विमानातून घेतलेल्या छायाचित्रांच्या साहाय्याने नकाशे तयार होऊ लागले. अशा छायाचित्रणात एकाच उड्डाणरेषेवरील लागोपाठच्या छायाचित्रांत सुमारे ६० टक्के आणि शेजारच्या दोन रेषांमध्ये सुमारे ३० टक्के भाग समान ठेवण्याची रीत रूढ झाली.

प्रतिमा अंकीय स्वरूपात आल्यावर जोडणीचे काम गणिताच्या आधारे होऊ लागले. कुग्लिन व हाइन्स यांनी १९७५ मध्ये दोन प्रतिमांमधील सरक शोधण्याची, वारंवारतांच्या विश्लेषणावर आधारित पद्धत मांडली. फिशलर व बोल्स यांनी १९८१ मध्ये चुकीच्या जुळण्या वगळून योग्य जुळण्या निवडण्याची रॅन्सॅक ही पद्धत दिली. बर्ट व एडेलसन यांनी १९८३ मध्ये दोन प्रतिमा सांधा न दिसता एकमेकींत मिसळण्याचे तंत्र सांगितले. डेव्हिड लो यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या सिफ्ट या पद्धतीमुळे प्रतिमांमधील ठळक खुणा आपोआप ओळखता येऊ लागल्या. तिचाच उपयोग करून ब्राऊन व लो यांनी २००३ मध्ये कोणत्याही क्रमाने दिलेल्या छायाचित्रांमधून सलग देखावा ओळखणारी प्रणाली सादर केली. ॲडोबी फोटोशॉपच्या २००७ मधील सीएस-३ या आवृत्तीत थर आपोआप जुळविण्याची व मिसळण्याची सोय आली आणि हे तंत्र सामान्य वापरकर्त्यांपर्यंत पोहोचले.

छायाचित्रजोडणीपेक्षा असलेला वेगळेपणा

छायाचित्रे जोडताना अनेक अडचणी येतात. कॅमेरा किंचित फिरतो, भिंगामुळे कडा वाकतात, प्रकाश बदलतो आणि जवळच्या व दूरच्या वस्तू एकमेकींच्या तुलनेत सरकतात. त्यामुळे दोन छायाचित्रांतील समान भाग तंतोतंत एकसारखा कधीच नसतो. प्रतिमा ताणून, वळवून व कडा एकमेकींत विरघळवून सांधा झाकावा लागतो.

स्क्रीनशॉटच्या बाबतीत यांतील एकही अडचण नसते. पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा म्हणजे पिक्सेलचा रंग संगणक थेट नोंदवितो. पडद्याचा आकार व आशयाचे विवर्धन कायम ठेवले, तर दोन स्क्रीनशॉटमध्ये केवळ आडवी किंवा उभी सरक असते, आणि तीही बहुधा पूर्ण पिक्सेलांत मोजता येते. समाईक पट्टा दोन्ही प्रतिमांत बिंदूशः समान असू शकतो.

या फरकामुळे दोन्ही कामांची उद्दिष्टेही निराळी ठरतात. छायाचित्रजोडणीत सांधा दिसू नये एवढे पुरते. स्क्रीनशॉट जोडणीत मात्र सांध्याच्या दोन्ही बाजूंचा आशय खरोखर लागोपाठचा आहे हे सिद्ध करता येते आणि तसे ते करणे आवश्यकही असते. कडा विरघळवून दिसेनासा केलेला सांधा आणि खरोखर जुळलेला सांधा डोळ्यांना सारखेच दिसतात. त्यांतील भेद समाईक पट्टा तपासल्यानेच कळतो.

पूर्वतयारी

अचूक जोडणीचा पाया स्क्रीनशॉट घेतानाच घातला जातो. त्यासाठी पुढील गोष्टी पाळल्या जातात.

• सर्व स्क्रीनशॉट एकाच उपकरणावर, एकाच विवर्धनावर आणि खिडकीचा आकार न बदलता घेतले जातात.

• लागोपाठच्या प्रतिमांत सुमारे २० टक्के भाग समान ठेवला जातो. त्या भागात इतरत्र न आढळणारी किमान एक खूण असावी. मजकुरात अनुक्रमांक किंवा दिनांक, नकाशात चौक किंवा तलावाचा काठ अशी खूण चालते.

• आशय पूर्ण उमटेपर्यंत थांबले जाते. अनेक संकेतपानांवर खाली सरकल्यावरच चित्रे येतात आणि ती आली की मजकूर खाली ढकलला जातो.

• प्रतिमा पीएनजी प्रकारात जतन केल्या जातात. या प्रकारात आकुंचन होऊनही कोणताही बिंदू बदलत नाही. जेपीईजी प्रकारात मात्र अक्षरांच्या कडांभोवती पुसट डाग उमटतात. संदेशवहनाच्या ॲपमधून चित्र म्हणून पाठविलेली प्रतिमा बहुधा पुन्हा आकुंचित होते, म्हणून मूळ फाइलच वापरणे इष्ट असते.

• प्रतिमांना क्रमाने नावे दिली जातात आणि मूळ फाइली जोडणीनंतरही सांभाळून ठेवल्या जातात.

जोडण्यापूर्वी प्रत्येक स्क्रीनशॉटमधील स्थिर भाग छाटला जातो. वरची घड्याळ व बॅटरी दाखविणारी पट्टी, संकेतपानाचे न हलणारे शीर्षक, खालची बटणे व सरकपट्टी हे भाग आशयाबरोबर सरकत नाहीत. ते तसेच राहिले, तर स्वयंचलित प्रणाली त्यांनाच समान भाग समजते आणि सर्व प्रतिमा एकमेकींवर एकाच जागी बसविते.

हाताने जोडणी

गिंप, फोटोशॉप यांसारख्या थरांची सोय असलेल्या कोणत्याही प्रतिमा-संपादकात ही जोडणी करता येते. तिचे टप्पे सर्वसाधारणपणे असे असतात.

१. सर्व प्रतिमा एकाच फाइलमध्ये स्वतंत्र थर म्हणून उघडल्या जातात. गिंपमध्ये यासाठी फाइल यादीत ‘ओपन ॲज लेयर्स’ ही आज्ञा आहे.

२. चित्रफलक सर्व थर मावतील इतका मोठा केला जातो.

३. वरच्या थराची मिश्रणपद्धती ‘डिफरन्स’ केली जाते. या पद्धतीत दोन थरांमधील रंगांची वजाबाकी दिसते. जेथे दोन्ही थर समान असतात तेथे काळा रंग येतो.

४. वरचा थर आधी माउसने जवळपास योग्य जागी आणला जातो व नंतर बाणकळांनी एकेक पिक्सेल सरकविला जातो. फोटोशॉपमध्ये शिफ्टसह बाणकळ दाबल्यास थर दहा पिक्सेल सरकतो.

५. समाईक पट्टा संपूर्ण काळा झाला की जुळणी पूर्ण झाली असे समजले जाते. अक्षरांच्या बारीक उजळ कडा उरल्यास थर एखाद्या पिक्सेलने चुकलेला असतो.

६. मिश्रणपद्धती पूर्ववत ‘नॉर्मल’ करून पुढील थर घेतला जातो. शेवटी सर्व थर एकत्र करून प्रतिमा पीएनजी प्रकारात जतन होते.

या कामात थराचा आकार लहानमोठा करू नये किंवा तो फिरवू नये. तसे केल्यास प्रत्येक बिंदूचा रंग शेजारच्या बिंदूंवरून नव्याने काढला जातो आणि तंतोतंत तुलना अशक्य होते.

देवनागरी मजकुरात सांधा कोठे घ्यावा याला विशेष महत्त्व आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा व अनुस्वार आणि अक्षराखाली उकार व पायमोडकी चिन्हे येतात. त्यामुळे दोन ओळींमधील मोकळी जागा दिसते त्याहून अरुंद असते. सांधा त्या जागेऐवजी चिन्हांमधून गेला आणि जुळणी चुकली, तर शब्दच बदलतो. उकार गेल्यास ‘पुत्र’चे ‘पत्र’ होते व अनुस्वार गेल्यास ‘खंत’चे ‘खत’ होते. उलटपक्षी, सांधा उभा असेल तर शिरोरेषा उत्तम कसोटी ठरते. एका पिक्सेलचा चढउतारही सलग रेषेत पायरीसारखा दिसतो.

स्वयंचलित जोडणी

फोटोशॉपमधील ‘फोटोमर्ज’ ही आज्ञा अनेक प्रतिमा आपोआप जोडते. तिच्यातील दृष्टिकोन, दंडगोल व गोल या रचना छायाचित्रांसाठी आहेत. त्या वापरल्यास स्क्रीनशॉटमधील सरळ रेषा वाकू शकतात. स्क्रीनशॉटसाठी ‘रिपोझिशन’ ही रचना योग्य असते, कारण ती प्रतिमा न ताणता व न फिरविता केवळ जागा बदलते. प्रतिमा एकमेकींत मिसळण्याचा पर्यायही बंद ठेवणे चांगले. तो चालू असल्यास जुळणीतील लहान चूक पुसट होऊन नजरेआड होते.

हगिन हे मुक्त सॉफ्टवेअर आणि ओपनसीव्ही हा मुक्त आज्ञासंग्रह यांतही जोडणीची सोय आहे. ओपनसीव्हीमध्ये सपाट कागदांच्या स्कॅन प्रतिमांसाठी वेगळी पद्धत दिलेली असून ती स्क्रीनशॉटनाही उपयोगी पडते.

उदाहरण : सोलापूर शहराचा नकाशा

सोलापूरचे ग्रामदैवत श्री सिद्धेश्वर यांच्या यात्रेत, मकर संक्रांतीच्या सुमारास, नंदीध्वजांची मिरवणूक निघते व सिद्धरामेश्वरांनी स्थापिलेल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक केला जातो. शहर व परिसरातील ही स्थाने एका नकाशावर दाखविण्याचा शालेय प्रकल्प हे स्क्रीनशॉट जोडणीचे सोपे उदाहरण ठरते. गल्ल्या स्पष्ट दिसतील इतके विवर्धन केले की शहर एका पडद्यावर मावत नाही, आणि संपूर्ण शहर दिसेल इतके लहान केले की गल्ल्यांची नावे नाहीशी होतात.

संकेतस्थळांवरील अनेक नकाशे २५६ पिक्सेल लांबी-रुंदीच्या चौरस तुकड्यांत साठविलेले असतात आणि विवर्धनाची प्रत्येक पायरी चढताना तुकड्यांची संख्या चौपट होते. सोलापूर सुमारे १७.६७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे विवर्धनाच्या सोळाव्या पायरीवर एक पिक्सेल जमिनीवरील सुमारे २.२८ मीटर अंतर दाखवितो. ब्राउझरच्या पट्ट्या छाटल्यावर नकाशाचा भाग १९०० × ९०० पिक्सेल उरला, तर एका स्क्रीनशॉटमध्ये सुमारे ४.३ किलोमीटर रुंद व २ किलोमीटर उंच प्रदेश येतो. २० टक्के समाईक भाग ठेवल्यास प्रत्येक वेळी नकाशा आडवा १५२० किंवा उभा ७२० पिक्सेल सरकवावा लागतो. दोन स्तंभ व चार ओळी मिळून आठ स्क्रीनशॉटमध्ये ३४२० × ३०६० पिक्सेलची प्रतिमा तयार होते आणि ती सुमारे ७.८ × ७ किलोमीटर प्रदेश दाखविते. इंचाला ३०० बिंदू या घनतेने तिचे मुद्रण सुमारे ११.४ × १०.२ इंचांचे होते.

जुळणीसाठी सिद्धेश्वर तलावाचा वळणदार काठ, त्यास लागून असलेल्या भुईकोट किल्ल्याची तटबंदी आणि रेल्वेमार्ग या खुणा सोयीच्या आहेत. समांतर व सारख्या गल्ल्यांच्या वसाहती मात्र फसव्या ठरतात, कारण त्या एका गल्लीने सरकविल्या तरी जुळल्यासारख्या दिसतात. काही नकाशासेवा दिसणाऱ्या चौकटीनुसार नावांची जागा बदलतात. अशा वेळी रस्ते तंतोतंत जुळूनही नावे दोनदा किंवा अर्धवट येतात, म्हणून वजाबाकी तपासताना रस्त्यांच्या रेषा पाहिल्या जातात.

अनेक खासगी नकाशासेवा आपले नकाशे जोडून मोठा नकाशा करण्यावर व तो प्रसिद्ध करण्यावर अटी घालतात. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त प्रकल्पाचा नकाशा श्रेयनिर्देश करून वापरता येतो.

सामान्य दोष

• पुनरावृत्तीमुळे होणारी चुकीची जुळणी : आशयात तोच आकृतिबंध पुन्हा पुन्हा येत असेल, तर जुळणी एक आवर्तन पुढे किंवा मागे होऊ शकते. सोलापुरी चादरीवरील जकार्ड नक्षीची प्रतिमा याचे ठळक उदाहरण आहे. नक्षी दर आवर्तनाला तीच असल्याने अनेक ठिकाणी वजाबाकी जवळपास काळी येते. चादरीचा काठ किंवा कोपरा समाईक पट्ट्यात घेतल्यासच खरी जागा ठरते.

• गळलेली किंवा दुबार आलेली ओळ : सारख्या उंचीच्या ओळी असलेल्या कोष्टकांत हा दोष वारंवार होतो. बँकेच्या खातेउताऱ्यात किंवा पीकपाहणीच्या तक्त्यात एक ओळ गळली, तरी प्रतिमेवर तिचा कोणताही माग राहत नाही. अनुक्रमांक मोजणे किंवा शिल्लक रकमेची बेरीज-वजाबाकी करून पाहणे हा त्यावरील उपाय आहे.

• अपूर्ण पिक्सेलची सरक : काही उपकरणांवर आशय पूर्ण पिक्सेलांत सरकत नाही. अशा वेळी अक्षरांच्या कडा किंचित वेगळ्या रंगतात आणि वजाबाकीत पुसट रेषा उरतात. विवर्धन १०० टक्के ठेवून व माउसच्या चाकाऐवजी कळांनी पान सरकवून हा दोष कमी करता येतो.

• बदलता आशय : हलत्या जाहिराती, चालू घड्याळे व नव्याने येणारे संदेश यांमुळे दोन स्क्रीनशॉटमधील काळाचा फरक प्रतिमेत उतरतो.

भूमापनातील उपयोग

समाईक भागांवरून प्रतिमा जोडण्याच्या तत्त्वाचा महाराष्ट्रातील महत्त्वाचा उपयोग गावठाणांच्या भूमापनात झाला आहे. पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी गावठाणाचे ड्रोनद्वारे भूमापन प्रायोगिक तत्त्वावर करण्यात आले. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने स्वामित्व योजना जाहीर केली. या पद्धतीत मिळकतींच्या सीमा आधी चुन्याने आखल्या जातात, ड्रोनने एकमेकांवर येणारी छायाचित्रे घेतली जातात आणि ती जोडून गावठाणाची मोजणीयोग्य प्रतिमा तयार होते. तिच्या आधारे घरमालकांना मिळकत पत्रिका दिली जाते. येथे प्रतिमा ताणून बसवाव्या लागत असल्याने जमिनीवर अचूक मोजलेल्या नियंत्रण बिंदूंशी ती पडताळली जाते. सांधा चुकल्यास भिंतीची जागा चुकते, आणि भिंतीच्या जागेवर मालकीची हद्द अवलंबून असते.

पुराव्याच्या दृष्टीने

जोडलेला स्क्रीनशॉट ही संपादित प्रतिमा असते. जोडणाऱ्याचा हेतू निर्मळ असला, तरी मधला मजकूर वगळून तयार केलेली प्रतिमा व प्रामाणिक जोडणी यांत बाहेरून फरक दिसत नाही. म्हणून मूळ, न छाटलेले स्क्रीनशॉट जपून ठेवणे आवश्यक मानले जाते. त्यांतील समाईक पट्टे पाहून कोणीही त्रयस्थ व्यक्ती जोडणी पुन्हा करून पाहू शकते.

भारतात इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या ग्राह्यतेसंबंधी तरतूद पूर्वी भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ६५-ब मध्ये होती. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ मधील निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला. मूळ उपकरण न्यायालयापुढे आणले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत या कलमाखालील प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे त्यात म्हटले आहे. त्या प्रकरणातील वाद चित्रफितींविषयी होता, तथापि हे तत्त्व सर्वच इलेक्ट्रॉनिक प्रतींना लागू पडते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मध्ये ही तरतूद कलम ६३ मध्ये असून प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्य नोंदविण्याची जागा आहे. हॅश मूल्य म्हणजे फाइलमधील सर्व माहितीवरून काढलेला संकेतांक होय. एक बिंदू बदलला तरी तो बदलतो, त्यामुळे जोडलेल्या प्रतिमेचे हॅश मूल्य मूळ स्क्रीनशॉटच्या मूल्यांशी कधीच जुळत नाही.

शासकीय दस्तऐवजांच्या बाबतीत स्क्रीनशॉट हा मूळ प्रतीचा पर्याय ठरत नाही. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर विनामूल्य दिसणारा विनास्वाक्षरी सातबारा उतारा केवळ माहितीसाठी असतो. त्याचे स्क्रीनशॉट कितीही अचूक जोडले, तरी शासकीय कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचा किंवा तलाठ्याच्या स्वाक्षरीचा उताराच लागतो.

पर्यायी साधने

संपूर्ण पान एकदम टिपण्याची सोय उपलब्ध असल्यास जोडणीची गरज उरत नाही. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घेता येतो. ॲपलच्या आयओएस १३ या २०१९ मधील आवृत्तीत सफारी ब्राउझरमधील संपूर्ण पान पीडीएफ स्वरूपात जतन करण्याची, तर २०२१ मधील अँड्रॉइड १२ मध्ये सरकता स्क्रीनशॉट घेण्याची सोय आली. मजकूरप्रधान पानांसाठी पीडीएफ अधिक सोयीचे असते, कारण त्यातील शब्द शोधता येतात. मात्र नकाशे, चौकटीच्या आत सरकणारी कोष्टके आणि काही ॲपमधील मजकूर यांच्यासाठी ही साधने पुरी पडत नाहीत. अशा ठिकाणी हाताने केलेली व समाईक पट्ट्यावरून तपासलेली जोडणीच उपयोगी पडते.

हेही पाहा

• प्रतिमा संपादन
• हवाई छायाचित्रण
• ओपनस्ट्रीटमॅप
• सातबारा उतारा
• स्वामित्व योजना